कॅसरोल पाणचट का होतं, बटाटा कच्चा का राहतो?

पावसाची झड लागली की ओव्हन पुसून बाहेर काढला जातो आणि आमच्याकडे पत्रं वाढतात. या वेळी बहुतेकांनी एकाच पदार्थाबद्दल विचारलंय: चिकन, भाज्या आणि व्हाइट सॉस एका पसरट भांड्यात घालून भाजलेलं कॅसरोल. निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. मापं चार माणसांची. मोठा चमचा 15 मिली, लहान 5 मिली, दोन्ही सपाट भरून.

टिळकवाडी, बेळगाव : नोकरीवरून साडेसहाला घरी पोचते, आठला ताटं मांडायची असतात. बुधवारी-शुक्रवारी एवढ्या वेळात होईल असं चिकन कॅसरोल मापांसकट सांगाल का?

सव्वा तास लागतो, पण त्यातला शेवटचा अर्धा तास तुम्ही मोकळ्या असता. चिकन मांडीचं घ्या, बिनहाडाचं, 500 ग्रॅम. दुकानात नुसतं ‘बोनलेस’ म्हटलं की बहुतेक वेळा छातीचं मांस पिशवीत पडतं, म्हणून ‘मांडीचं सोडवून द्या’ असं स्पष्ट सांगा. मांडीच्या मांसात चरबी जास्त असते. ते दोनदा शिजलं तरी मऊ राहतं. छातीचं मात्र दुसऱ्या शिजण्यात कोरडं पडतं. भाज्यांत बटाटा 250 ग्रॅम, गाजर 150, बीन्स आणि मटार प्रत्येकी 75 ग्रॅम, एक मोठा कांदा आणि लसणाच्या 6 पाकळ्या.

घरात शिरल्याशिरल्या गॅसवर लिटरभर पाणी ठेवा, त्यात लहान चमचाभर मीठ. चिकनचे इंचभर तुकडे करून त्यांना पाऊण लहान चमचा मीठ आणि अर्धा चमचा मिरपूड चोळून ठेवा. बटाट्याच्या दीड सेंटिमीटरच्या फोडी उकळत्या पाण्यात सोडा. तीन मिनिटांनी गाजर, आणखी दोन मिनिटांनी बीन्स, त्यानंतर दोन मिनिटांनी मटार. मटार पडल्यावर एक मिनिट थांबून सगळं चाळणीत ओता. खालचं पाणी फेकू नका, त्यातलं 150 मिली सॉसला लागणार आहे. भाज्या चाळणीत ढीग करून न ठेवता परातीत पसरा. दोन-तीन मिनिटं वाफ निघून जाते आणि वरचा ओलावा सुकतो. पुढची निम्मी तक्रार इथेच मिटते.

भाज्या उकळताहेत तोवर जाड बुडाच्या कढईत मोठा चमचाभर तेल चांगलं तापवून चिकन दोन हप्त्यांत परता, प्रत्येक वेळी तीन-चार मिनिटं. सगळं एकदम टाकलं तर कढई गार पडते, चिकन पाणी सोडतं आणि लालसर होण्याऐवजी उकडतं. आत थोडं कच्चं राहिलं तरी चालेल. चिकन काढून त्याच कढईत 40 ग्रॅम बटर, बारीक चिरलेला कांदा आणि लसूण. कांदा पारदर्शक झाला की 40 ग्रॅम मैदा (सपाट पाच मोठे चमचे) घालून मंद आचेवर दोन मिनिटं परता. कच्च्या पिठाचा वास जाऊन बिस्किटासारखा वास येतो, पण रंग बदलू द्यायचा नाही. आता भाज्यांचं 150 मिली पाणी थोडं थोडं घालून घट्ट गोळा मोडून घ्या आणि मग 350 मिली दूध तीन-चार वेळा करून घाला. प्रत्येक वेळी आधीचं पूर्ण मिळून आल्याशिवाय पुढचं ओतू नका. सॉसला उकळी आली की दोन मिनिटं ढवळत राहा. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती तशीच राहिली की झालं. अर्धा लहान चमचा मिरपूड आणि चिमूटभर जायफळ घाला. मीठ चाखूनच, कारण बटर, भाज्यांचं पाणी आणि वरचं चीज तिन्ही खारे असतात.

चिकन आणि भाज्या सॉसमध्ये हलक्या हाताने मिसळून दोन लिटरच्या भांड्यात पसरा. वर दोन शिळ्या पावांचा चुरा, 15 ग्रॅम वितळलेलं बटर आणि 50 ग्रॅम किसलेलं चीज एकत्र करून भुरभुरा. आधी दहा मिनिटं तापवलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर, मधल्या कप्प्यात, 25 मिनिटं ठेवा. कडेला सॉस नुसता फुगून चालत नाही, बुडबुडे यायला हवेत. बाहेर काढून मधला सर्वांत जाड तुकडा कापून बघा. आत गुलाबी दिसला तर आणखी पाच मिनिटं. थर्मामीटर असेल तर तुकड्याच्या आत 74 अंश. मग दहा मिनिटं न हलवता ठेवा, सॉस धरतो. लगेच वाढलं तर ताटात पसरेल आणि तुम्ही विनाकारण मैद्याला दोष द्याल.

शहापूर : ओव्हनमध्ये घालताना सॉस छान दाट असतो. बाहेर काढल्यावर खाली पाणी आणि वर फुटक्या दुधासारख्या गुठळ्या. चिकनला आम्ही नेहमीप्रमाणे हळद-मीठ-लिंबू लावतो.

गुठळ्या लिंबाच्या आहेत. चिकनला लावलेलं लिंबू किंवा दही सॉसमध्ये उतरतं आणि तापलं की दूध फाटतं. टोमॅटोनेही तेच होतं. हळद-मीठ खुशाल लावा. आंबट हवंच असेल तर लिंबाची फोड ताटात द्या. लिंबू आधीच लावून झालं असेल तर चिकन धुण्याच्या फंदात पडू नका, ओट्यावर शिंतोडे उडून कच्च्या मांसातले जंतू पसरतात. त्या दिवशी सरळ साधा रस्सा करा आणि कॅसरोल शुक्रवारवर ढकला.

खालचं पाणी वेगळ्या कारणाने. ते भाज्यांतून येतं. फ्लॉवर, कोबी, ढबू मिरची आणि मशरूम कच्चेच घातले तर ओव्हनमध्ये त्यांचं पाणी सुटतं आणि निघून जायला वाट नसते. या भाज्या उकळू नका. मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, कढईत चार-पाच मिनिटं परता. फ्रीझरमधला मटार आधी पूर्ण सुटा होऊ द्या आणि निथळून घ्या. आणखी एक कारण सॉसमध्येच असतं. त्याला उकळी आणली नाही तर मैद्यातला स्टार्च पुरता फुलत नाही. सॉस तात्पुरता दाट दिसतो, आणि पुढे पाणी सुटलं की तेवढं धरून ठेवायला तो कमी पडतो.

कडोली : बटाटा कडक, चिकन मात्र चिवट. वेळ वाढवला तर वरचा थर करपतो. घरची रताळी घातली तर?

बटाटा कच्चा घालत असणार. दाट सॉसमध्ये फोड फार सावकाश शिजते. ती होईपर्यंत चिकनचा जीव जातो. आधी उकळून घेण्याला पर्याय नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. इथे पाणी साधारण साडेसत्त्याण्णव अंशांनाच उकळतं. म्हणून कोकणातल्या किंवा पुस्तकातल्या वेळेपेक्षा मिनिट-दोन मिनिटं जास्त धरा. सुरीचं टोक बटाट्यात सहज जावं, पण फोड दुभंगू नये, एवढंच शिजवा. वरचा थर करपत असेल तर भांडं एक कप्पा खाली घ्या किंवा पहिली पंधरा मिनिटं फॉइल सैल झाका.

रताळी जरूर घाला, पण निम्मा बटाटा, निम्मी रताळी. सगळी रताळीच घातली तर सॉस गोड होतो आणि मिरपूड कितीही घातली तरी तो गोडपणा मरत नाही. त्यांच्या फोडी दोन सेंटिमीटरच्या ठेवा आणि बटाटा टाकून तीन मिनिटांनी गाजरासोबत सोडा. ती लवकर गळतात.

खानापूर तालुका : आमच्याकडे ओव्हन नाही. कुकरमध्ये शिट्ट्या करून चालेल का? आणि गावठी कोंबडी वापरता येईल?

व्हाइट सॉस घालून शिट्टी करायची नाही. मैद्याचा सॉस बुडाला लागतो आणि वर फेसाळतो. तो फेस शिट्टीच्या भोकात अडकला तर कुकर धोकादायक होतो.

गॅसवर असं करा. जाड बुडाचं पसरट पातेलं घ्या, खाली जुना लोखंडी तवा. तवा आधी मध्यम आचेवर पाच मिनिटं तापवा, मग आच अगदी बारीक करून त्यावर झाकण लावलेलं पातेलं वीस मिनिटं ठेवा. झाकणाला आतून सुती फडकं बांधा आणि त्याची टोकं वर घेऊन गाठ मारा, म्हणजे वाफेचं पाणी सॉसमध्ये टपकत नाही. पावाचा चुरा वेगळ्या कढईत बटरवर सोनेरी परतून वाढताना वर घाला. कुरकुरीतपणा तोच, चीजचा ताणलेला थर तेवढा मिळत नाही. चूल असेल तर फडकं न बांधता झाकणावर निखारे ठेवा. तो थरही येतो आणि खरं तर ओटीजीपेक्षा (विजेच्या छोट्या ओव्हनपेक्षा) चांगला येतो. ओव्हन असलेल्यांची मध्येच वीज गेली तर हाच मार्ग, फक्त काचेचं भांडं गॅसवर चढवू नका, पातेल्यात उलटून घ्या.

गावठी कोंबडी चालते, उत्तम चालते, पण आठवड्याच्या मधल्या रात्रीचं ते काम नाही. आदल्या दिवशी 900 ग्रॅमच्या आसपासचे हाडासकट तुकडे, तीन वाट्या पाणी, मीठ आणि एक तमालपत्र घालून कुकरला चार शिट्ट्या द्या, मग बारीक आचेवर दहा मिनिटं. कोंबडी जून असेल तर आणखी दोन-तीन शिट्ट्या. मांस हाडावरून सोडवा, ते पुन्हा परतू नका. पाणी गार झाल्यावर वर जी पिवळी चरबी धरते ती 20 ग्रॅम बटरऐवजी वापरून त्यात मैदा परता. सॉसमध्ये भाज्यांच्या पाण्याऐवजी हेच पाणी 150 मिली. ब्रॉयलरच्या कॅसरोलला ही चव येत नाही, हे मान्यच करायला हवं.

उद्यमबाग : मिस्टर सेकंड शिफ्टला असतात, रात्री उशिरा जेवतात. उरलेलं दुसऱ्या दिवशी डब्याला देता येईल का? रविवारीच करून ठेवलं तर?

रविवारी भाज्या, चिकन आणि सॉस तिन्ही करून ठेवता येतं, पण मग चिकन परततानाच आतपर्यंत शिजवा. अर्धकच्चं मांस फ्रीजमध्ये ठेवणं बरं नाही. पसरट डब्यात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका आणि मंगळवारपर्यंत संपवा. पावाचा चुरा भाजायच्या वेळीच घाला, आधी घातला तर लगदा होतो. फ्रीझरमध्ये ठेवू नका. दुधाचा सॉस रवाळ होतो आणि बटाटा स्पंजासारखा. फ्रीजमधून काढलेलं काचेचं भांडं तापलेल्या ओव्हनमध्ये घालाल तर तडकेल. ते अर्धा तास बाहेर ठेवा, किंवा स्टीलचं वापरा. चपात्या ठेवायचा प्लास्टिकचा हॉटकेस ओव्हनमध्ये घालायचा नाही, तो कॅसरोल म्हणून विकला जात असला तरी.

मिस्टरांचा वाटा आधीच वेगळ्या डब्यात काढा. उष्टा चमचा सॉसमध्ये बुडाला की लाळेमुळे स्टार्च मोडतो आणि दुसऱ्या दिवशी तोच सॉस पातळ होतो. गरम करताना दोन चमचे दूध घालून, आतपर्यंत वाफ येईल असं, एकदाच तापवा.

निपाणी : सासूबाईंना आणि मुलांना सौम्य लागतं, बाकीच्यांना तिखटाशिवाय घास उतरत नाही. दोन पदार्थ करायचे का?

नको. एकच मिश्रण दोन भांड्यांत भरा. तिखट सॉसमध्ये नाही, वरच्या थरात घाला: 15 ग्रॅम बटर वितळवून गॅस बंद करा आणि त्यात पाऊण लहान चमचा संकेश्वरी मिरचीचं तिखट मिसळून पावाच्या चुऱ्याला चोळा. संकेश्वरी झणझणीत असते, म्हणून हात आखडता. रंग हवा आणि झोंबणं कमी, तर ब्याडगी. कांदा-लसूण मसालाही चालतो, पण तो सॉसमध्ये ढवळला की ना धड कॅसरोल, ना धड रस्सा अशी गत होते. सोबत भाजलेला पाव किंवा साधा मऊ भात द्या. सासूबाईंच्या वाट्यातलं चिकन वाढण्याआधी काट्याने मोडून घ्या आणि बटाटा दोन मिनिटं जास्त शिजवा.

चिकोडी : श्रावणात काय?

चिकनऐवजी 300 ग्रॅम मशरूम (परतून, पाणी पूर्ण आटवून) आणि एक वाटी शिजवलेले काबुली चणे. पनीर घालायचं तर 250 ग्रॅम, न परतता आणि सगळ्यात शेवटी. भाजायचा वेळ वीस मिनिटं पुरे. कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर बटरमध्ये चिमूटभर हिंग आणि अर्धा चमचा जिरं, बाकी सगळं तसंच.