क्रिएटिनिन वाढलं: किडनीमुळे की अँटिबायोटिकमुळे?

प्रश्न (जुळे सोलापूर): आईला लघवीच्या इन्फेक्शनसाठी कोट्रायमोक्साझोल दिलं. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन १.० वरून १.२ झालं, युरिया मात्र २८ च आहे. किडनी बिघडली का?

उत्तर: बहुधा नाही. क्रिएटिनिन आणि युरिया हे किडनी लघवीतून बाहेर टाकते ते रक्तातले टाकाऊ पदार्थ, म्हणून ते वाढले की किडनीवर शंका येते. या गोळीतलं ट्रायमेथोप्रिम किडनीच्या नलिकांमधून क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची वाट अडवतं. गाळण तेवढीच होते, पण क्रिएटिनिन रक्तात थोडं साचतं. वाढ साधारण १० ते ३० टक्के असते, पहिल्या काही दिवसांतच दिसते आणि कोर्स संपल्यावर आठवडाभरात उतरते. युरिया जागचा हललेला नाही, ही मोठी खूण. शंका उरली तर सिस्टॅटिन सी (किडनीची गाळण दाखवणारं रक्तातलं एक प्रथिन) तपासता येतं, त्याच्यावर ट्रायमेथोप्रिमचा परिणाम होत नाही.

पण क्रिएटिनिन दीडपट झालं, युरियाही चढला किंवा लघवी कमी झाली, तर गोळीवर खापर फोडून थांबू नका. आणखी एक, आमच्या मते क्रिएटिनिनपेक्षा महत्त्वाचं: हेच औषध पोटॅशियम वाढवतं, आणि ती वाढ खरी असते. आई बीपीसाठी टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेत असतील तर डॉक्टरांना विचारून पोटॅशियम लगेच तपासून घ्या.

प्रश्न (बार्शी): वडील ॲडमिट आहेत, इंजेक्शनं चालू आहेत. एकाच दिवशी एका लॅबमध्ये क्रिएटिनिन १.९, दुसरीकडे १.३. खरं कोणतं?

उत्तर: आधी दोन्हीकडची पद्धत विचारा. स्वस्त आणि जुनी पद्धत जाफेची, १८८६ सालची. अल्कलीतल्या पिक्रिक ॲसिडबरोबर क्रिएटिनिन नारिंगी रंग देतं आणि मशीन तो रंग मोजतं. अडचण अशी की हा रंग एकट्या क्रिएटिनिनचा नाही. किटोन्स (उपासात किंवा साखर बिघडल्यावर रक्तात वाढणारे पदार्थ) तो देतात, काही सेफॅलोस्पोरिन्सही (अँटिबायोटिक्सचा एक गट, नावं 'सेफ'ने सुरू होणारी) देतात. सेफॉक्सिटिन यात सर्वांत कुप्रसिद्ध. ते दिल्यानंतर दोन तासांच्या आत घेतलेल्या रक्तावर जाफेने क्रिएटिनिन करूच नये. सेफाझोलिनचाही काही प्रमाणात परिणाम होतो. सेफ्ट्रायॅक्सोनचा नेहमीच्या डोसला फारसा त्रास नाही, म्हणून 'सेफ' दिसलं की घाबरायचं कारण नाही.

दुसरी पद्धत एन्झायमॅटिक, म्हणजे एन्झाइम वापरून क्रिएटिनिन मोजण्याची. तिच्यात ही गडबड होत नाही, पण तिलाही डोळे झाकून मानू नका. मूळव्याधीसाठी किंवा डोळ्यांच्या पडद्यासाठी दिलं जाणारं कॅल्शियम डोबेसिलेट आणि आयसीयूतलं डोब्युटामिन तिथे आकडा खोटा खाली आणतात.

म्हणून पुढचा नमुना पुढच्या डोसच्या अगदी आधी घ्यायला सांगा, तेव्हा रक्तात औषध सर्वांत कमी असतं. ज्या हाताला सलाइन चालू आहे त्या हातातून रक्त नको, पातळ होऊन सगळेच आकडे बिघडतात. फॉर्मवर औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची वेळ लिहायला लावा. आणि तुलना करायची तर दरवेळी एकाच लॅबमध्ये तपासा.

प्रश्न (अक्कलकोट): डॉक्सिसायक्लिन चालू असताना युरिया वाढला, क्रिएटिनिन नॉर्मल. असं का?

उत्तर: टेट्रासायक्लिन गटातली औषधं शरीरातली प्रथिनं बनण्याचं काम मंदावतात, न वापरलेल्या अमिनो ॲसिडचा युरिया होतो. डॉक्सिसायक्लिनमध्ये हे कमीच. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या पुढे असताना, आम्ही आधी पाणी कमी पडलंय का ते पाहू. एक साधी चूकही तपासा: एका रिपोर्टवर 'बीयूएन' आणि दुसऱ्यावर 'युरिया' तर नाही ना? बीयूएन म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन, म्हणून बीयूएन २० म्हणजेच युरिया जवळपास ४३.

प्रश्न (होटगी रोड): मग अँटिबायोटिक चालू असताना वाढलेलं क्रिएटिनिन मनावर घ्यायचंच नाही का?

उत्तर: अमिकॅसिन किंवा जेंटामायसिन चालू असेल तर नक्की घ्यायचं. ही औषधं नलिकांच्या पेशींना खरंच इजा करतात, बहुतेकदा पाच-सात दिवसांनंतर. यात लघवी भरपूर होत राहू शकते, म्हणून 'लघवी होतेय की' हा दिलासा खोटा. दर दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन करावं, सोबत डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं टाळावीत. डोस कमी करायचा की औषध बदलायचं, हे डॉक्टर ठरवतील. मनाने कोर्स तोडू नका.

प्रश्न (अशोक चौक): रक्त देण्याआधी मटण चालेल का?

उत्तर: दुपारी मटण-भाकरी खाऊन तासा-दोन तासांत रक्त द्यायला जाऊ नका. शिजलेल्या मांसातलं क्रिएटिनिन काही तास रक्तात दिसतं. आदल्या रात्री मटणाचा बेत असेल तर थोडंच खा आणि सकाळी उपाशीपोटी द्या. पाणी प्यायला हरकत नाही.