हमाल शेपर्डच्या नावाचा दगड

प्रश्न : आम्ही मेरीलँडला राहतो. भारतातून पाहुणे आले की हार्पर्स फेरीची चक्कर ठरलेली. तिथे हेवर्ड शेपर्ड नावाच्या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाच्या स्मरणार्थ एक मोठा दगड उभा आहे. त्यावर ‘कष्टाळू आणि प्रतिष्ठित’ असं त्याचं कौतुकही कोरलंय. मग कृष्णवर्णीयांच्याच संघटनांना तो का खुपावा? आणि गुलामगिरी चालू असताना हा माणूस ‘स्वतंत्र’ कसा? – एक वाचक

उत्तर : आधी तुमचा दुसरा प्रश्न घेते. १८६० च्या जनगणनेत व्हर्जिनियात सुमारे ४ लाख ९० हजार गुलाम होते आणि ५८ हजार स्वतंत्र कृष्णवर्णीय. (आता वेस्ट व्हर्जिनियात असलेलं हार्पर्स फेरी तेव्हा व्हर्जिनियातच होतं.) कुणाला मालकाने मृत्युपत्रात मुक्त केलेलं, कुणी पैपै साठवून स्वतःलाच विकत घेतलेलं, तर कुणी स्वतंत्र आईच्या पोटी जन्मलेलं. पण हे स्वातंत्र्य कसलं? कोर्टात नाव नोंदवायचं. वय, रंग, उंची, अंगावरचे व्रण लिहिलेला दाखला जवळ बाळगायचा. १८०६ च्या कायद्याने तर मुक्त झालेल्याने वर्षभरात राज्यच सोडायचं, खास परवानगी मिळाली तरच राहायचं.

शेपर्ड बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या स्टेशनात हमाल होता. बायको-मुलं विंचेस्टरला. १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री गुलामगिरीचा कट्टर विरोधक, गोरा जॉन ब्राउन आपली माणसं घेऊन गावात शिरला. सरकारी शस्त्रागार ताब्यात घ्यायचं आणि गुलामांच्या हाती बंदुका द्यायच्या, असा बेत. मध्यरात्रीनंतर गाडी अडवली गेली. पुलावरचा पहारेकरी कुठे गेला ते बघायला शेपर्ड निघाला. ‘थांब’ असा हुकूम आला, तो माघारी वळला आणि गोळी लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. गुलामांना सोडवायला आलेल्यांच्या हातून पहिला मेला तो एक स्वतंत्र कृष्णवर्णीय. ब्राउनचे चाहते या प्रसंगावरून घाईघाईने पुढे सरकतात, ते मला पटत नाही.

आता दगड. तो बसवला १० ऑक्टोबर १९३१ ला, ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ आणि ‘सन्स ऑफ कॉन्फेडरेट व्हेटरन्स’ यांनी. म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या लेकी-लेकांनी. कौतुकाच्या दोन ओळींवर थांबू नका, खाली वाचा. युद्धकाळात अनेक मोह आड येऊनही ज्यांनी आपल्या वागण्याला डाग लागू दिला नाही, अशा हजारो निग्रोंच्या निष्ठेचं शेपर्ड हे उदाहरण, असा तो मजकूर आहे. मोह कसला, तर पळून जाऊन मोकळं होण्याचा! बरं, शेपर्ड युद्ध सुरू होण्याच्या दीड वर्ष आधीच वारला. त्याला मालक नव्हता. निष्ठा कुणाशी दाखवणार? बिचारा रात्रीची ड्यूटी करत होता.

अनावरणाच्या दिवशीच ठिणगी पडली. गावातल्या स्टोरर कॉलेजचा (कृष्णवर्णीय मुलांचं कॉलेज, प्राचार्य मात्र गोऱ्या वंशाचे) गायकवृंद बोलावला होता. त्याच्या संगीतशिक्षिका पर्ल टॅटन कार्यक्रमपत्रिकेत नाव नसताना उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझे वडील उत्तरेच्या सैन्यात माझ्या लोकांच्या स्वातंत्र्यासाठी लढले, त्या लढ्याचा पहिला घाव जॉन ब्राउनने घातला. यजमानांसमोर हे बोलायला छाती लागते. पुढच्या वर्षी एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने, कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांनी लिहिलेला ब्राउनच्या गौरवाचा फलक आणला, तर प्राचार्यांनी तो लावू दिला नाही. लागला तो थेट २००६ साली.

आणि दगडावर ज्याचं नाव नाही, तो डेंजरफील्ड न्यूबी. हाही स्वतंत्र कृष्णवर्णीय, पण ब्राउनच्या बाजूचा. बायको हॅरिएट आणि मुलं व्हर्जिनियात गुलाम. त्यांना विकत घेऊन सोडवायची त्याची धडपड फसली होती. शेपर्ड गेला त्याच दिवशी न्यूबीही गोळी लागून पडला. गावकऱ्यांनी त्याच्या प्रेताची विटंबना केली. त्याच्यापाशी हॅरिएटची पत्रं सापडली : पैसे जमोत न जमोत, या हिवाळ्याआधी नक्की ये, मालक मला विकेल अशी धास्ती वाटते. पुढे तिला लुइझियानात विकलं. हा माणूस त्या ‘डाग न लागलेल्या’ यादीत बसत नाही, हे उघड आहे.

दगड काढून टाकावा का, हे तुम्ही पुढच्या पत्रात विचारालच. तिथली ऐतिहासिक जागा सांभाळणाऱ्या राष्ट्रीय उद्यानवाल्यांनी तो काही वर्षं प्लायवूडने झाकून ठेवला होता. १९९५ मध्ये उघडला, शेजारी दुसरी बाजू सांगणारी पाटी लावून. माझ्या मते पाटीसकट राहू दे. १९३१ साली बडी मंडळी भर सभेत काय बोलत होती, त्याचा तो पुरावा आहे. फक्त पाहुण्यांना तिथूनच परत नेऊ नका. वर टेकडीवर स्टोररच्या जुन्या आवारात डु बॉइस यांचा मजकूर आहे, तोही वाचा. आणि त्यातसुद्धा न्यूबीचं नाव शोधू नका, तिथे नुसता ‘सात गुलाम आणि गुलामांचे पुत्र’ एवढाच उल्लेख आहे.