लेकीला लग्नाला बोलवायचं का? आधी आय-ट्वेंटीवरची सही बघा

खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. पोरगी अमेरिकेत एमएस करतेय, डिसेंबरात संपतंय, आणि मे महिन्यात थोरल्या भावाचं लग्न आहे. शेत तारण ठेवून बँकेचं लोन काढलंय. पाव्हण्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज "नियम बदलले" म्हणून काहीतरी येतंय, कुणी म्हणतंय आली तर परत जाऊ देणार नाहीत, तिच्या आईला रात्रभर झोप नाही. विचारलंय, बोलवायचं का नको, आणि या रोजच्या बदलांवर घरबसल्या लक्ष कसं ठेवायचं.

दादा, नमस्कार. तुमची काळजी खोटी नाही बघा, गेल्या दोन वर्षांत खरंच भरपूर बदललंय. पण ग्रुपवर जे येतंय त्यातलं निम्मं तुमच्या पोरीला लागूच होत नाही, आणि जे लागू होतंय ते ग्रुपवर कुणी टाकतच नाही, हे मी रोज बघतोय.

१९ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एच-वन-बीच्या, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसाच्या, नव्या अर्जावर १ लाख डॉलर भरायचा आदेश काढला. त्या शनिवारी सकाळपासून माझा फोन थांबला नाही, अनगोळच्या एका आईनं तर रडत विचारलं की आता पोराला परत बोलवू का, पोरगा कुठं तर एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, पहिल्या सेमिस्टरला! मग महिन्याभरानं तिथल्या इमिग्रेशन खात्याचा खुलासा आला की जे आधीच अमेरिकेत आहेत आणि तिथूनच एफ-वनवरून एच-वन-बीवर जातात त्यांना ही रक्कम नाही. हा खुलासा किती जणांनी फॉरवर्ड केला? मला तरी एकही आला नाही.

तसंच त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेलं, विद्यार्थ्यांना शिक्षण संपेपर्यंत नाही तर जास्तीत जास्त ४ वर्षांचीच मुदत द्यायची, हे. तो प्रस्ताव होता. प्रस्ताव आला की लोकांच्या हरकती मागवतात, मग पक्का नियम छापतात, मग त्यात लागू व्हायची तारीख असते. आपल्याकडं मात्र प्रस्ताव आला त्याच दिवशी "लागू झालं" म्हणून फिरत होतं. म्हणून ग्रुपवर काही आलं की एवढंच विचारा, हे नुसतं बोलणं आहे का पक्का नियम, कधीपासून, आणि एफ-वनवर आत असलेल्या पोरीला का नव्यानं जाणाऱ्याला. तेवढं त्यात लिहिलेलं नसलं तर पुढं वाचू नका.

आता लग्नाचं. व्हिसा आणि स्टेटस ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथंच सगळ्यांचा घोळ होतो. पासपोर्टवरचा व्हिसा म्हणजे दारातून आत यायची परवानगी, आत राहायचा हक्क, म्हणजे स्टेटस, आय-ट्वेंटीवर (कॉलेज विद्यार्थ्याला देतं तो कागद) आणि कॉलेजच्या नोंदीवर चालतो. त्यामुळं आत असताना व्हिसाची तारीख संपली तरी चालतं, पण बाहेर पडून परत यायचं असलं तर परतीच्या दिवशी तो चालू पाहिजे. तो संपलेला असला तर मात्र मीच म्हणेन, नको. कारण २ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेकांची ड्रॉपबॉक्सची, म्हणजे मुलाखतीशिवाय व्हिसा नवा करायची, सोय बंद झाली, परत मुलाखत, परत स्लॉटची वाट, सोशल मीडिया अकाउंट पब्लिक करून तपासणी, आणि तेवढ्यात पुढचं सेमिस्टर सुरू. व्हिसा चालू असला तर तिला आय-ट्वेंटीचं दुसरं पान उघडायला सांगा, खाली डीएसओची, म्हणजे कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसातल्या अधिकाऱ्याची, ट्रॅव्हलची सही असते. ती परत जायच्या दिवशी एक वर्षाच्या आतली पाहिजे. जुनी असली तर निघायच्या आधी नवी घ्यायची, पैसे पडत नाहीत, पण सेमिस्टरच्या शेवटी त्या ऑफिसात गर्दी असते म्हणून एप्रिललाच.

आणि एक विचारायला लाजू नका, तिच्यावर काही पोलीस केस, अगदी गाडीचं मोठं चलन वगैरे आहे का. एप्रिल २०२५ मध्ये हजारो पोरांच्या विद्यार्थी म्हणून असलेल्या सरकारी नोंदी अचानक बंद केल्या होत्या, त्यात काहींचं कारण असलंच किरकोळ होतं, मग कोर्टात प्रकरणं गेली आणि त्या परत चालू केल्या. असं काही असलं तर डीएसओ आणि तिथल्या वकिलाशी बोलल्याशिवाय विमानात बसायचं नाही, लग्न असो नाहीतर काही असो.

खरं सांगू का, मला मे पेक्षा डिसेंबरची काळजी जास्त वाटते. ओपीटीचा, म्हणजे शिक्षणानंतर तिथं काही काळ नोकरी करायच्या परवानगीचा, अर्ज कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यावर ६० दिवसांपर्यंत करता येतो, पण डीएसओनं नोंद टाकली की ३० दिवसांत तो पोचलाच पाहिजे. मग ओपीटी सुरू झाली की नोकरीशिवायचे दिवस मोजतात, एकूण ९० च्या वर चालत नाहीत. घर बदललं तर १० दिवसांत कळवायचं. ह्या तारखा कुठल्या बातमीत येत नाहीत, पण पोरं अडकतात ती इथंच. माझ्याकडं आलेल्या एका पोराचा नुसता पत्ता बदललेला कळवायचा राहिला आणि नोकरीच्या परवानगीचं कार्ड जुन्या घरी गेलं, ते मिळेपर्यंत कंपनी थांबली नाही.

लक्ष ठेवायचं म्हणाल तर तुम्ही नका ठेवू, तिनं ठेवायचं. डीएसओच्या ऑफिसातून येणारी प्रत्येक मेल त्याच दिवशी वाचायची, आणि शंका आली तर इमिग्रेशन खात्याच्या सरकारी वेबसाइटवरच बघायचं. तुम्ही आठवड्यातनं एकदा तिला विचारा, ऑफिसातून काही आलंय का. आईनं तर ग्रुप म्यूट करावा, मनापासून सांगतो.

हप्ता आणि उसाच्या बिलाचं जे लिहिलंय त्यावर इथं बोलत नाही, टिळकवाडीला ऑफिसात या, लोनची कागदं घेऊन. त्याआधी रविवारी तिच्याशी बोलणं होईल तेव्हा दुसऱ्या पानाचा आणि व्हिसाच्या पानाचा फोटो मागवून दोन्ही तारखा मला कळवा, त्या बघितल्याशिवाय तिकीट काढू नका.