थोरला भाऊ उंबऱ्याबाहेर उभा आहे

मेलबर्नहून एका ताईंचं पत्र आलंय. माहेर सोलापूरचं, मुरारजी पेठेतलं. वडील गेल्यावर तेराव्यालाच भावानं हक्कसोडपत्राचा कागद पुढे केला. त्यावरून वाजलं ते वाजलंच, तेव्हापासून बोलणं बंद. मैत्रिणीबरोबर त्या अधूनमधून चर्चला जातात आणि कृपा, क्षमा यांवरची प्रवचनं ऐकून त्यांना हलकं वाटतं. त्या विचारतात, भावाला माफ करावं असं मनात येतंय, पण माफ केलं म्हणजे सहीही करायची का? आणि चर्चचं आईला कळलं तर?

ताई, आईंचं आधी उरकू. प्रवचन ऐकलं म्हणून धर्म बदलत नाही. सोलापूरला हे काही नवं नाही, अमेरिकन मराठी मिशन इथं १९व्या शतकातच आलं. नाताळात शेजारून आलेल्या करंज्या आईंनीही खाल्ल्या असतील. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण अभंग आणि कीर्तन त्यांना सुटलं नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. तेव्हा आईंना तुम्हीच सरळ सांगून टाका, कुठल्या तरी मावशीच्या तोंडून कळण्यापेक्षा ते बरं.

आता भाऊ. उधळ्या पुत्राच्या दाखल्यावरचं प्रवचन ऐकून रडू आलं, असं तुम्ही लिहिलंय. लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातली ही गोष्ट मुळात वाटणीचीच आहे. धाकटा बापाच्या हयातीत हिस्सा मागतो, दूर देशी जातो, पैसा उडवतो, दुष्काळात डुकरं राखायची पाळी येते. परत येतो तर बाप धावत जाऊन गळ्यात पडतो. अंगावर नवा झगा, बोटात अंगठी, घरात मेजवानी. ऐकणाऱ्याचे डोळे इथं भरून येतात आणि बहुतेकांची गोष्ट इथंच संपते.

पुढं थोरला शेतातून येतो. वाजंत्री ऐकून चाकराला विचारतो, काय चाललंय? कळल्यावर तो आत जायलाच तयार होत नाही. इतकी वर्षं राबलो, मित्रांबरोबर मजा करायला मला कधी एक करडूही दिलं नाहीत, म्हणतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, विनवण्या करतो. थोरला शेवटी आत गेला की नाही, ते येशूनं सांगितलेलंच नाही.

तुम्ही या गोष्टीत बापाच्या जागी उभ्या आहात, क्षमा करणारीच्या. मला मात्र दूर देशी गेलेल्या तुम्हीच दिसता. तुम्ही काही उधळलं नाहीत, कबूल. पण घरी राहिला तो भाऊ. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, तेही अवेळी. पहाटे उठून मोटर लावायची, हौद भरायचा, आईंची पिंपं भरायची आणि मग कामाला पळायचं, हे तोच करत असणार. वडिलांच्या आजारपणात दवाखान्यात तोच झोपायचा, असं तुम्हीच लिहिलंय. पण ते एका ओळीत, आणि हक्कसोडपत्रावर दीड पान. तेराव्याला कागद काढला हे त्याचं चुकलंच, त्यात दुमत नाही.

म्हणून फोनवर ‘मी तुला माफ केलं’ म्हणू नका. त्याच्या लेखी त्यानं काही गुन्हाच केलेला नाही, त्याला तो आरोपच वाटेल. प्रवचनाची क्लिपही पाठवू नका. क्लिप बघून विरघळलेला भाऊ मी तरी पाहिला नाही. वडिलांचे शेवटचे महिने कसे गेले ते विचारा आणि तो बोलेल ते मध्ये न तोडता ऐका. कडू बोलेल, बोलू द्या. ज्ञानदेव रुसून दार लावून बसले तेव्हा मुक्ताबाईनं ताटीबाहेर उभं राहूनच त्यांची समजूत काढली होती.

सहीचं वेगळं ठेवा. चर्चमध्ये ज्या कृपेबद्दल ऐकता ती आपखुशीनं दिलेली असते, दडपणाखाली दिलेल्या सहीला ते नाव देऊ नका. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. भावानं केलं त्याची जाण म्हणून तो सोडावासा वाटला तर खुशाल सोडा, पण काय सोडताय ते कळून. घर वडिलोपार्जित की वडिलांनी घेतलेलं, मृत्युपत्र आहे का, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर कुणाची नावं आहेत, हे वकिलाकडून तपासून घ्या. आईंचा हिस्सा आणि त्यांचं राहतं छप्पर कागदावर आलं पाहिजे, तोंडी नको. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. येणं जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून पाठवता येतं. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. मसुदा वाचल्याशिवाय सही नको, भावावर कितीही जीव आला तरी.

आणि फोन आणि कागद एकाच आठवड्यात काढू नका, नाहीतर गोड बोलणं वाटणीसाठीच होतं असं त्याला वाटेल. आधी फोन करा. निदान दिवाळीपर्यंत घराचं नावही काढू नका.