नावावर जाऊ नकोस, मोडूलहांडबुख उघड

तू विचारलंस, "ताई, बी.ए. जर्मन झालं, सी१ या वरच्या पातळीची परीक्षा देतेय. पुढे एम.ए. करायचंय, पण कुठे जर्मनिस्टिक लिहिलंय, कुठे डाफ, कुठे इंटरकुल्टुरेल जर्मनिस्टिक. अमेरिकेत जर्मन स्टडीज. सगळं एकच ना?"

नाही गं. मीही एकच समजून जर्मनीत आले आणि पहिलं सेमिस्टर रडत काढलं. कादंबऱ्या वाचायला मिळतील म्हणून जर्मनिस्टिक घेतलं होतं. प्रवेशपत्राच्या दुसऱ्या पानावर आउफ्लागन, म्हणजे अटी, होत्या: मध्ययुगीन जर्मनचे दोन पेपर बी.ए.च्या पोरांसोबत बसून करा. मी दुसरं पान वाचलंच नव्हतं. पहिल्याच तासाला मिटलहोखडॉइचचा, म्हणजे त्या मध्ययुगीन जर्मनचा, उतारा समोर आला. आपल्याला ज्ञानेश्वरांची मराठी निदान कानावरून गेलेली असते, इथे तेही नाही. 'आरबाइट' म्हणजे आज काम, तेव्हा हालअपेष्टा. (माझ्या मते अर्थ फारसा बदललेला नाही.) पण ग्रिमचा नियम, म्हणजे जुने ध्वनी जर्मन भाषांमध्ये कसे ठरावीक पद्धतीने बदलले ते सांगणारा, आला आणि मी पहिल्यांदा मान वर केली. पितृ–फाटर, पाद–फूस, दंत–त्सान. वर्गात संस्कृत शाळेत शिकलेली मी एकटीच, प्रोफेसर उदाहरणं माझ्याकडून वदवून घ्यायचे.

आता नावांमागचा इतिहास सांगते, कारण कोर्स निवडताना तोच उपयोगी पडतो.

१८४६ साली फ्रँकफर्टला 'जर्मनिस्ट' म्हणवणाऱ्यांचं पहिलं संमेलन भरलं, अध्यक्ष याकोब ग्रिम, तोच नियमवाला. जमले होते कायदेपंडित, इतिहासकार आणि भाषा-साहित्याचे अभ्यासक. म्हणजे 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द आज वेबसाइटवर मिरवतात तसा काही नवा शोध नाही, विषय जन्मलाच तसा. तेव्हा जर्मनी नावाचा एकसंध देश नव्हता, तो १८७१चा. देश नसेल तर निदान भाषा, कायदा, इतिहास एक आहे हे दाखवायची ती धडपड होती. पुढे कायदा नि इतिहास आपापल्या वाटेने गेले, आणि जर्मनिस्टिक म्हणजे भाषा आणि साहित्य एवढंच उरलं. राष्ट्राभिमानाचं खत मात्र जमिनीत राहिलं, नाझी काळात या विषयातल्या कितीतरी जणांनी सत्तेची री ओढली. त्यावर उघड बोलायला १९६६चं म्युनिकचं अधिवेशन उजाडावं लागलं. त्यानंतर विषयाची दारं परत उघडली: समाजशास्त्र, सिनेमा, स्त्रियांचं लेखन, कामगारांचं लेखन.

अमेरिकेत गंमत वेगळी. तिथे जर्मनी हा परका देश, म्हणून इतिहासकार, राज्यशास्त्रवाले आणि साहित्यवाले एका टेबलाशी बसले. १९७६ साली त्यांची संघटना निघाली, तीच पुढे जर्मन स्टडीज असोसिएशन झाली. इकडे जर्मनीत बायरॉइथच्या विद्यापीठात ऐंशीच्या दशकात इंटरकुल्टुरेल जर्मनिस्टिक उभं राहिलं. त्यांचा प्रश्न सरळ होता: बाहेरून बघणाऱ्याला हे साहित्य कसं दिसतं? म्हणजे तुझ्यामाझ्यासारख्यांना. डाफ म्हणजे परभाषा म्हणून जर्मन शिकवणं, त्यातलं जुनं नाव लाइपत्सिगचं हेर्डर-इन्स्टिट्यूट.

शिकवायचं असेल तर डाफ घे, पुण्यात परतलीस तरी हाताला काम आहे. जुन्या भाषेची ओढ असेल आणि चिकाटी असेल तर शुद्ध जर्मनिस्टिक. तू पत्रात तुर्की कामगारांच्या मुलांनी लिहिलेल्या साहित्याबद्दल भरभरून लिहिलंस, म्हणून मी तुला इंटरकुल्टुरेलच सुचवेन. पश्चिम जर्मनीचा तुर्कस्तानशी कामगार-करार झाला १९६१ला, भरती थांबली १९७३ला. या दोन तारखांमागचं राजकारण न कळता ती पुस्तकं अर्धीच कळतात, आणि ते राजकारण तिथल्या सेमिनारमध्ये शिकवतात.

नुसत्या नावावर मात्र विसंबू नकोस. प्रत्येक विद्यापीठाचं मोडूलहांडबुख, म्हणजे कोर्समधल्या सगळ्या मोडूलची (विषय-घटकांची) माहितीपुस्तिका, पीडीएफमध्ये असतं. त्यात साहित्याबाहेरचे किती मोडूल चालतात ते मोज.

पैशांचं थोडक्यात: व्हिसासाठी ब्लॉक अकाउंटमध्ये (महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात, हा आकडा बदलतो, तेव्हा अर्ज करताना परत बघ. एपीएस प्रमाणपत्राला, म्हणजे आपल्या पदव्या तपासून मिळणाऱ्या दाखल्याला, वेळ लागतो, ते आजच सुरू कर. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्यासारख्या युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, इतर बहुतेक ठिकाणी फक्त सेमिस्टर-वर्गणी. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिल्या सेमिस्टरला करू नकोस. पंधरा-वीस पानांची हाउसआरबाइट, म्हणजे सेमिस्टरअखेरचा निबंध, लिहायची सवय आपल्याला नसते. आपण दुसऱ्यांची मतं नीट मांडतो आणि आपलं मत शेवटच्या परिच्छेदात भीत भीत घालतो. इथे ते पहिल्या पानावर लागतं. माझी पहिली हाउसआरबाइट "तुमचा प्रश्न कुठे आहे?" एवढ्याच शेऱ्यासह परत आली होती.

बाबांना सांग, "मी भाषा शिकायला चालले नाही, ती इथेच शिकले." आणि प्रवेशपत्र आलं की दुसरं पान आधी वाच.