वाचक विचारतात : शिक्षा सुनावण्याआधी दोषीचं घरदार शोधणारी माणसं

मागच्या अंकात तुरुंगातल्या समाजकार्यावर लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं, की कोर्टात शिक्षा ठरायच्या आधी त्या माणसाची पार्श्वभूमी खणून काढणारे लोक (मिटिगेशन इन्व्हेस्टिगेटर) आता आपल्याकडेही आहेत आणि त्यांची फार गरज आहे. त्यावर आलेल्या पत्रांमधली पाच घेतलीत. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत.

ताई नमस्कार, मी लातूरला एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) शेवटच्या वर्षाला आहे. मिटिगेशन इन्व्हेस्टिगेटर म्हणजे नेमकं काय करतात, त्यासाठी एलएलबी लागतं का आणि महाराष्ट्रात खरंच जॉब आहेत का?

एलएलबी लागत नाही. आता बाकीचं.

कोर्टाने दोषी ठरवलं की लोकांना वाटतं केस संपली, पण शिक्षा किती हा त्यापुढचा वेगळा टप्पा आहे. १९८० च्या बच्चन सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फाशी द्यायची की जन्मठेप हे ठरवताना गुन्हाही बघा आणि गुन्हेगारही बघा. गुन्हा चार्जशीटमध्ये पानंच्या पानं भरून असतो गं, पण गुन्हेगार कुठे असतो? वय २४ वर्षे, धंदा मजुरी, राहणार अमुक. झालं, संपला माणूस. त्या एका ओळीच्या मागे काय आहे ते शोधून, कागदपत्रांसकट, वकिलामार्फत कोर्टासमोर ठेवायचं हे मिटिगेशनवाल्यांचं काम. बच्चन सिंगनंतर चाळीसेक वर्षं हे बऱ्याचदा नुसतं बोलण्यावारीच गेलं, वकील उठून म्हणायचे साहेब आरोपी तरुण आहे, घरी म्हातारी आई आहे, दया करा, आणि खाली बसायचे. मग २० मे २०२२ ला मनोज विरुद्ध मध्य प्रदेश हा निकाल आला (इंदूरचं तिहेरी खुनाचं प्रकरण, फाशी रद्द होऊन किमान २५ वर्षांची जन्मठेप झाली) आणि त्यात कोर्टाने सरकारलाच सांगितलं की बालपण, घरची परिस्थिती, शिक्षण, कमाई, आधीचे गुन्हे, मानसिक तपासणी, जेलमधली वागणूक, हे सगळं ट्रायल कोर्टापुढे वेळेत आलं पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या २००८ च्या एका प्रकरणात तर सगळे मार्ग संपल्यावरसुद्धा, मनोजमधली प्रक्रिया पाळली नव्हती म्हणून शिक्षेचा भाग पुन्हा तपासायला कोर्टाने दार उघडलं. म्हणजे काम वाढणार आहे हे नक्की. काम वाढलं की पोस्ट निघतातच असं नाही, हे पण तुला माहितीच असेल.

आता प्रत्यक्ष काम. जेलमध्ये मुलाखत घ्यायची, एकदा नाही, परत परत, कारण पहिल्या भेटीत कुणीच काही सांगत नाही. मग गाव गाठायचं. आई, भाऊ, मामा, शाळेतले मास्तर, आशाताई, ज्याच्याकडे कामाला होता तो मुकादम. "आम्ही गरीब होतो" हे वाक्य रिपोर्टमध्ये काहीच कामाचं नाही. कुठल्या वर्षी आईबाप ऊसतोडीला गेले, पोराला बरोबर नेलं की आजीकडे ठेवलं, शाळा दसऱ्यानंतर सुटायची ती परत कधी लागायची, लागायची की नाही, कोप्यावर (ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीत) असताना डोक्याला मार लागला होता का, लागला असेल तर आरोग्य केंद्राचा केसपेपर कुठे आहे, असं विचारत जावं लागतं. आणि प्रत्येक गोष्टीला दोन बाजूंनी आधार लागतो, एक माणसाचा आणि एक कागदाचा. मराठवाड्याची मुलगी आहेस, कोपी काय आणि उचल (मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे) काय हे तुला कुणी समजावून सांगावं लागणार नाही, दिल्लीहून आलेल्या हुशार मुलांना ते लागतं. हे तुझं भांडवल आहे, बायोडेटात लिही.

शाळेचं जनरल रजिस्टर हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा कागद असं माझं मत आहे. आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो ते का हे सगळ्यांना ठाऊक आहे, मास्तरांनी दाखल करताना टाकून दिलेली तारीख. त्यामुळे १ जून दिसली की थांबायचं आणि ग्रामपंचायतीची जन्मनोंद, मोठ्या-धाकट्या भावंडांच्या तारखा, सगळं जुळवून बघायचं. गंमत नाही ही. पुण्यातल्या १९९४ च्या एका गाजलेल्या खून प्रकरणात फाशी झालेला राजस्थानचा एक कैदी मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सोडला, कारण बिकानेर जिल्ह्यातल्या त्याच्या शाळेच्या नोंदीवरून गुन्ह्याच्या वेळी तो १२ वर्षं ६ महिन्यांचा होता हे सिद्ध झालं. शाळेत नाव वेगळं, कोर्टाच्या कागदात वेगळं. तोवर २८ वर्षांच्या वर जेलमध्ये गेली होती. ट्रायलच्या वेळीच कुणीतरी त्या शाळेत जाऊन रजिस्टर उघडलं असतं तर!

जॉबचं. फाशीच्या केसेसमध्ये हे काम शास्त्रशुद्ध पद्धतीने रुजवलं ते दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या प्रोजेक्ट ३९ए ने, ते लोक आता हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठात स्क्वेअर सर्कल क्लिनिक म्हणून काम करतात. तिथे सोशल वर्क, सायकॉलॉजी, मानववंशशास्त्र अशा सगळ्या बॅकग्राउंडची मुलं असतात. येरवडा आणि नागपूर जेलमध्ये वकील आणि सोशल वर्कर यांनी मिळून कच्च्या कैद्यांसाठी काम करायची फेलोशिपही त्यांनी चालवली. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटचा प्रयास हा प्रकल्प १९९० पासून जेल, कोर्ट, पोलीस स्टेशन इथे सोशल वर्कर बसवतोय, तो थेट मिटिगेशन नाही पण हात तयार होतो तो तिथेच. टाटाला क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस हा एमएचा स्वतंत्र विषय आहे, पण तुझं एमएसडब्ल्यू होतच आलंय तर परत दोन वर्षं घालवू नकोस, सरळ फिल्डवर ये. जागा थोड्या, बहुतेक प्रोजेक्टवरच्या, म्हणजे फंड आहे तोवर. घरी हे आधीच सांगून ठेव.

मी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) गट-क ची तयारी करतोय, वय २६, बुलढाणा. हे पद म्हणजे पण हेच काम का?

हेच आणि नाही पण. महिला व बालविकास आयुक्तालयाच्या सरळसेवेतून हे पद भरतात, तुमचा बराचसा वेळ जाणार बाल न्याय मंडळात. तिथे मूल हजर केल्यापासून १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो, कायद्यातच लिहिलंय. मोठ्यांसाठी १९५८ चा परिविक्षा कायदा आहे, त्यात २१ च्या आतल्या मुलाला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, जेलमध्ये पाठवायच्या आधी कोर्टाने तुमचा रिपोर्ट मागवायलाच पाहिजे (कलम ६). किती कोर्टं मागवतात ते रुजू झालात की बघालच.

मोठा फरक एकच आणि तो कुणी विचारला तर सांगता आला पाहिजे. परिविक्षा अधिकारी कोर्टाचा माणूस, त्याला दिसलं ते सगळं तो लिहिणार, चांगलं-वाईट दोन्ही. मिटिगेशनवाला बचावाच्या वकिलाच्या टीममधला, त्याला कैद्याने सांगितलेलं गुपित वकिलाच्या परवानगीशिवाय बाहेर जात नाही. म्हणून मुलाखतीला बसल्या बसल्या आधी आपण कोण आणि कुणासाठी आलोय हे समोरच्याला सांगायचं, नाहीतर तो विश्वासाने बोलणार आणि ते त्याच्याच विरुद्ध जाणार. आणि कृपा करून तो छापील फॉर्म भरून "वर्तणूक समाधानकारक, कौटुंबिक परिस्थिती हलाखीची" असं लिहून मोकळे होऊ नका. असले रिपोर्ट मी इतके वाचलेत की नाव झाकलं तर कुणाचा कुठला ते कळू नये.

मॅडम, माझी मुलगी या क्षेत्रात जायचं म्हणते. खुनी, बलात्कारी लोकांच्या घरी जायचं, त्यांना वाचवायचं, आम्हाला पटत नाही. सुरक्षित आहे का? आणि ज्यांची मुलगी गेली त्यांनी काय करायचं? — एक पालक, सांगली

दादा, दोन वेगळे प्रश्न आहेत, आधी सुरक्षेचं. एकटं कुणी पाठवत नाही, जोडीने जातात, आणि आरोपीच्या घरी धोका असतो ही आपली समजूत आहे. त्या घरात बहुतेक वेळा एक घाबरलेली बाई असते, तिच्याकडे कित्येक महिन्यांत कुणी चहाला आलेलं नसतं. त्रास होतो तो गावाचा. गावाने त्या घराला वाळीत टाकलेलं असतं, पाण्यावरून, दळणावरून अडवलेलं असतं, आणि तुमची मुलगी तिथे गेली की चार लोक विचारणार कोण तुम्ही, कशाला आलात. त्यासाठी ट्रेनिंग असतं. शेजाऱ्यांना गुन्ह्याबद्दल एक अक्षर सांगायचं नाही हा पहिला नियम. खरी काळजी करायची तर ऐकून ऐकून येणाऱ्या थकव्याची करा, रात्री झोप न येणं, चिडचिड, हे होतं. जिथे ती जॉइन होईल तिथे कौन्सिलिंगची, आठवड्याच्या केस मीटिंगची सोय आहे का ते तिला विचारायला लावा. नसेल तर नको म्हणा, तिथे मी तुमच्या बाजूने.

आता वाचवण्याचं. ती कुणाला निर्दोष सोडवायला जात नाहीये, दोषी ठरवायचं का हे ठरवणं न्यायाधीशांचं काम, त्यात तिचा हात नाही. ती फक्त शिक्षा ठरवणाऱ्याच्या टेबलावर पूर्ण माहिती ठेवते, त्यातून कधी फाशीची जन्मठेप होते आणि कधी काहीच होत नाही. ज्यांची मुलगी गेली त्यांच्या दुःखापुढे हे सगळं लहान आहे, मान्य, मी त्यांना जाऊन हे समजावणारही नाही. त्यांना नुकसानभरपाई मिळते का, सरकारी वकील नीट भेटतो का, तारखेला बसायला जागा असते का, हे प्रश्न आपण विचारतच नाही आणि सगळा राग फाशीवर येऊन अडकतो. तुमचं मत बदलावं असा माझा आग्रह नाही. मुलीला मात्र एकदा तिच्या तोंडून समजावून घ्या की तिला हे का करायचंय, रागावून नको.

मी नागपूरला सेशन कोर्टात ज्युनिअर आहे, लीगल एडच्या (मोफत कायदेशीर मदतीच्या) केसेस करतो. आमच्याकडे दोषी ठरवलं की साहेब लगेच विचारतात शिक्षेवर काय म्हणायचंय. एका दिवसात रिपोर्ट कसा आणायचा?

एका दिवसात येतच नाही, म्हणून त्या दिवसाची वाट बघायची नाही. तुम्ही वकील आहात, मी नाही, तरी सांगते. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८ पोटकलम २ मध्ये शिक्षेवर ऐकून घ्यायची जी तरतूद आहे (जुन्या सीआरपीसीत २३५) तिच्यावर आपल्याच परभणीच्या मानवत हत्याकांडाच्या केसमध्ये, दगडू विरुद्ध महाराष्ट्र १९७७, सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की हे ऐकणं नुसती औपचारिकता नाही, शिक्षेवर परिणाम होईल अशी माहिती आरोपीकडून काढून घ्यायचा कोर्टाने मनापासून प्रयत्न करायचा. त्याच्या आदल्या वर्षीचा सांता सिंग निकाल पण बघा, त्यात नुसतं तोंडी बोलणं नाही तर कागद, पुरावा द्यायची संधी म्हणजे ऐकणं असं आहे. हे दोन आणि मनोज हातात ठेवून तारीख मागा. लेखी अर्ज द्या, तोंडी नको, नामंजूर झाला तरी अपिलात रेकॉर्डवर राहतो.

आणि काम चार्जफ्रेमच्या (आरोप निश्चित होण्याच्या) वेळीच सुरू करा. पहिल्या वकीलपत्राच्या दिवशीच शाळा, गाव, दवाखाना एवढं लिहून घ्या, नातेवाईक मुलाखतीला येतील तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला आणायला सांगा. जेलच्या दवाखान्याचे कागद अर्ज करून मागवता येतात, त्यात गोळ्यांची नावं असतात आणि कधीकधी त्यावरूनच कळतं की हा माणूस वर्षभर मानसिक आजाराची औषधं खातोय आणि कुणालाच पत्ता नाही. जवळच्या समाजकार्य कॉलेजात जाऊन फिल्डवर्कची मुलं मागा, नागपुरात कॉलेजं आहेत, मुलांना चांगल्या केसेस हव्याच असतात, फक्त त्यांच्यावर कुणीतरी अनुभवी माणूस देखरेखीला हवा. पोरांना एकटं सोडून रिपोर्ट कोर्टात देऊ नका.

मी न्यू जर्सीत राहते, मुंबईत एमएसडब्ल्यू केलंय. इथे अशी कामं असतात का?

असतात, आणि आपल्यापेक्षा कितीतरी जुनी व्यवस्था आहे. फेडरल कोर्टात प्रोबेशन ऑफिसर शिक्षेआधीचा रिपोर्ट लिहितो, तो शिक्षेच्या किमान ३५ दिवस आधी दोन्ही बाजूंना द्यावा लागतो, त्यावर १४ दिवसांत हरकती घेता येतात. आपल्या नागपूरच्या वकीलसाहेबांना हे वाचून काय वाटेल कोण जाणे. पण त्या पदावर पहिल्यांदा लागायचं तर ३७ व्या वाढदिवसाच्या आत लागावं लागतं, तुम्ही वय लिहिलेलं नाही, तेवढं आधी बघून घ्या. ते जमत नसेल तर बचावाच्या बाजूला मिटिगेशन स्पेशालिस्ट असतात, पब्लिक डिफेंडरच्या (सरकारी खर्चाने आरोपीचा बचाव करणाऱ्या वकिलाच्या) ऑफिसात किंवा केसगणिक फीवर. तिथे सोशल वर्कच्या डिग्रीला मान आहे आणि मराठी-हिंदी येत असेल तर भारतात नातेवाईक असलेल्या केसेसमध्ये उपयोगच होईल. इथली डिग्री तिकडे मूल्यांकन करून घ्यावी लागेल, ते काम अर्ज करायच्या आधी उरकून घ्या कारण त्यात वेळ जातो.