एक विषय राहिला, आणि सतरा दिवस घाटावर

डबा न उघडता परत येऊ लागला तेव्हा आईला पहिल्यांदा शंका आली. तोवर सगळं नेहमीसारखंच दिसत होतं. पोरगी सकाळी एप्रन इस्त्री करून पिशवीत घालायची, तासगावहून एसटी पकडायची, संध्याकाळी वेळेवर घरी यायची. मग एक दिवस वर्गातल्या मैत्रिणीचा फोन आला, "काकू, तिला बरं नाही का? किती दिवस झाले, दिसलीच नाही." सतरा दिवस ती नर्सिंग कॉलेजला गेलीच नव्हती. सांगलीत उतरायची, आयर्विन पुलाजवळच्या घाटावर नाहीतर गणपतीच्या देवळात बसायची, आणि वेळ झाली की परतीची गाडी.

मायलेकी माझ्याकडे आल्या तेव्हा आईच बोलली. "मॅडम, हिचा एक विषय दोनदा गेला. आता कॉलेजातनं नाव काढून टाकत्यात म्हणं. खरं हाय का ओ?" मुलगी खाली मान घालून ओढणीचं टोक पिळत होती. (तिच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.)

सांगली-मिरजेत समुपदेशन करताना हा प्रश्न मला दर निकालानंतर ऐकू येतो. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशनचं रुग्णालय सुरू केलं. तेव्हापासून हा सगळा भाग दवाखान्यांचा झाला, आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या घरांना मुलीला नर्सिंगला घालणं ओळखीचं, भरवशाचं वाटू लागलं. ज्या घरातली ती पहिलीच बी.एस्सी. नर्सिंगला गेलेली असते, त्या घरात निकालाच्या कागदावरचं एक 'नापास' फार मोठं होऊन बसतं. तो कागद कसा वाचायचा हे सांगणारं घरात कुणी नसतं.

पहिल्या भेटीत मी नियमांचा विषय काढलाच नाही. घाटावर बसून काय करायचीस, एवढंच विचारलं. "पाणी बघायचे." मग मी सरळ विचारलं की जीव द्यावा असं मनात आलं होतं का. असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही; उलट आत साचलेलं बोलायला वाट मिळते. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पाण्यात उतरावं असं नाही वाटलं. पण सगळं थांबावं असं वाटायचं." रात्री-अपरात्री तसं वाटलं तर लावायला म्हणून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिच्या आणि आईच्या, दोघींच्या फोनमध्ये घालून दिला. पुढच्या भेटी तीन-तीन दिवसांनी ठेवल्या.

दुसऱ्या भेटीत ती जे बोलली ते माझ्या मनातून जात नाही. "वॉर्डात गेलं की पेशंट सिस्टर म्हणून हाक मारतात, मॅडम. आजी हात धरतात. मला वाटायचं, मी फसवतेय त्यांना. ॲनाटॉमीत नापास झालेली कसली सिस्टर?"

तिची खरी गाठ इथे होती. परीक्षेची भीती होतीच, पण त्याहून आपण त्या एप्रनच्या लायकीचे नाही ही लाज मोठी होती. लाज वाटणारं माणूस आधी लोकांच्या नजरेआड होतं. नर्सिंगच्या शिक्षणात नजरेआड होण्याची किंमत मात्र फार जबर असते. ती कशी, हे समजायला नियम पाहावे लागतात.

तिचा राहिलेला विषय पहिल्या सेमिस्टरचा, ॲनाटॉमी आणि फिजिओलॉजी, म्हणजे शरीराची रचना आणि त्याचं काम. दोन्ही मिळून एकच पेपर. एक भाग ३७ गुणांचा, दुसरा ३८ चा, असे ७५, आणि कॉलेजचे अंतर्गत २५. उत्तीर्ण व्हायला शंभरात ५० लागतात. पहिल्यांदा तिला ४२ मिळाले, दुसऱ्यांदा ४४. सेमिस्टरमध्ये एकाच विषयात अडकलेल्या विद्यार्थ्याला ५ पर्यंत ग्रेस गुण देता येतात. हिला हवे होते ६. तो एक गुण तिने मनात इतका घोळवला होता की ती झोपेत आकडे पुटपुटायची, असं आईने सांगितलं.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचे सेमिस्टर पद्धतीचे नियम २०२१ मध्ये राजपत्रात आले. त्याआधीच्या तुकड्या वार्षिक पद्धतीच्या होत्या, आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. सीनियर आपल्या काळचं सांगतात, जी.एन.एम. हा नर्सिंगचा डिप्लोमा केलेली मावसबहीण तिच्या अभ्यासक्रमाचं सांगते, आणि ऐकणारी सगळं एकत्र कालवून घेते. सेमिस्टरच्या नियमात असं आहे की मागचा विषय राहिला म्हणून पुढच्या सेमिस्टरचे वर्ग बंद होत नाहीत. विद्यार्थी पुढे बसू शकतो. अडसर पुढे लागतो. पाचव्या सेमिस्टरची परीक्षा द्यायची तर त्याआधीच्या सगळ्या परीक्षा निघालेल्या हव्यात. सातव्याच्या आधी पुन्हा तसंच, आणि आठव्याच्या आधीही तसंच. सगळा अभ्यासक्रम पुरा करायला जास्तीत जास्त ८ वर्षं मिळतात.

हे मी तिच्या वहीत तिच्याकडूनच लिहून घेतलं. तोंडी ऐकलेलं रात्री भीतीने बदलतं, लिहिलेलं बदलत नाही. ती तेव्हा चौथ्या सेमिस्टरला होती. म्हणजे नाव काढून टाकण्याचा प्रश्नच नव्हता. आई जागच्या जागी रडायला लागली.

पण तिथेच थांबले असते तर मी तिला अर्धवट धीर देऊन पाठवलं असतं. पाचव्या सेमिस्टरच्या परीक्षेआधी विषय काढायला तिच्या हातात पक्की म्हणावी अशी एकच संधी होती, चौथ्याच्या परीक्षेबरोबरची. शिवाय 'आधीच्या सगळ्या' यात चौथ्या सेमिस्टरचे विषयही येतात, हे पुष्कळ मुलांच्या लक्षात येत नाही. जुन्याच्या मागे लागून चालू सेमिस्टर सोडलं तर अडसर तसाच राहतो. ही गोष्ट मी तिच्यापासून लपवली नाही. खोटा धीर दिलेली मुलं पुढच्या निकालाला परत येतात, आणि तेव्हा त्यांचा कुणावरच विश्वास उरलेला नसतो.

आता हजेरी. हे सांगण्यासाठीच मी लिहायला बसले.

परीक्षेला बसायला प्रत्येक विषयात थिअरीची ८० टक्के आणि प्रॅक्टिकलची ८० टक्के हजेरी लागते, दोन्ही वेगवेगळी. एकीकडची जास्त हजेरी दुसरीकडे वळती होत नाही. आणि पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलच्या प्रत्येक विभागातली हजेरी १०० टक्के पुरी करावी लागते. म्हणजे वॉर्डातला चुकलेला एकेक तास कधीतरी भरून द्यावाच लागतो. यात मला अन्याय दिसत नाही. उद्या ही मुलगी कुणाच्या तरी शिरेत औषध सोडणार आहे.

आम्ही चौथ्या सेमिस्टरच्या ॲडल्ट हेल्थ नर्सिंगचा, म्हणजे प्रौढ रुग्णांच्या शुश्रूषेच्या विषयाचा, हिशेब मांडला. थिअरीचे १४० तास. त्याचे २० टक्के म्हणजे २८ तास चुकलेले चालतात. तिचे २६ तास बुडाले होते. क्लिनिकलचे, म्हणजे वॉर्डातल्या प्रॅक्टिकलचे, ४८० तास, त्यात सूट ९६ तासांची. तिचे नऊ दिवसांच्या पोस्टिंगचे ७२ गेले होते. वहीत आकडे उतरले आणि ती पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. थिअरीचे दोनच तास उरले होते. आणखी एक दिवस घाटावर बसली असती तर ॲनाटॉमीमुळे नव्हे, गैरहजेरीमुळे तिचं सेमिस्टर अडकलं असतं. जो विषय राहिला म्हणून ती पळत होती, त्याने तिची वाट अडवलीच नव्हती. ती वाट पळण्यानेच बंद व्हायला आली होती.

हे मी एकट्या तिच्यात पाहिलेलं नाही. नापास झालेली मुलं पहिले दोन आठवडे तोंड लपवतात, आणि खरं नुकसान त्या दोन आठवड्यांत होतं. घरच्यांना माझी विनवणी आहे: निकाल वाईट लागला तर दुसऱ्या दिवशी पोराला कॉलेजच्या दारापर्यंत सोडून या. बाकीचं बोलणं आठवड्यानंतर केलं तरी चालेल.

परत जाणं तिला सोपं गेलं नाही. वर्गशिक्षिकेला काय सांगायचं याचा आम्ही दोनदा सराव केला. पहिल्या वेळी ती आजारपणाचं कारण जोडू लागली. मी म्हटलं, "बाळ, खोटं सर्टिफिकेट आणून तू आणखी एक गोष्ट लपवशील. आधीच एक लपवून बघितलीस ना?" शेवटी तिने खरं तेच सांगितलं. बाई रागावल्या, पण चुकलेल्या तासांचा तक्ता तिच्यासमोर बसून भरला आणि सुटीत कोणत्या वॉर्डात भरपाईची ड्यूटी लागेल तेही लिहून दिलं. शिष्यवृत्तीच्या अर्जावर या गैरहजेरीचा काही परिणाम होतो का, हेही तिने ऑफिसच्या खिडकीवर विचारून घेतलं. असं विचारायला मुली लाजतात आणि मग शेवटच्या तारखेला धावाधाव करतात.

अभ्यासाचा गुंता वेगळाच निघाला. मी नर्सिंगची शिक्षिका नाही, म्हणून एका निवृत्त सिस्टरांना मदतीला बोलावलं. त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "रक्त हृदयातून कसं फिरतं ते मला मराठीत सांग." ती घडाघडा बोलली. कप्पे, झडपा, फुप्फुसाकडे जाणारं, परत येणारं, सगळं बिनचूक. मग तेच इंग्रजीत लिहायला दिलं तर तीन ओळींत पेन थांबलं. बारावीपर्यंत मराठी माध्यम. पहिल्या सेमिस्टरला यकृताचं लिव्हर आणि मूत्रपिंडाचं किडनी इथवर ठीक होतं, पण पुढे शब्दांचा लोंढा आला आणि तिने तो पाठ करायला घेतला. पाठ केलेलं परीक्षेत निम्मं सांडलं.

सिस्टरांनी तिला लावलेली सवय साधी होती. रोज एक आकृती काढायची, नावं इंग्रजीत घालायची, ती मोठ्याने मराठीत समजावून सांगायची, मग खाली सहा वाक्यं इंग्रजीत लिहायची. आणि ती आकृती वॉर्डातल्या एका पेशंटशी जोडायची. डायलिसिसला येणारे काका दिसले त्या दिवशी नेफ्रॉन, मूत्रपिंडातली बारीक गाळणी. दम लागलेल्या आजींचा बेड ज्या दिवशी वाट्याला आला त्या दिवशी फुप्फुसं. पहिल्या सेमिस्टरला हे अवयव तिला चित्रातच भेटले होते. आता त्यांना नाव, गाव, बेड नंबर होता. जुना विषय आणि चालू सेमिस्टर असे दोन अभ्यास करायचे तर वेळ कुठून आणायचा, ही तिची काळजी यातच बरीचशी मिटली. ॲडल्ट हेल्थची केस लिहिताना फिजिओलॉजीची उजळणी आपोआप होत होती.

राहिले वडील. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. द्राक्षबागेची कामं ऐन भरात होती आणि आईला वाटत होतं, सांगितलं तर म्हणतील, बास झालं शिक्षण, एक स्थळ आलंय. मी त्यांना बोलावून घेतलं नाही. मुलीलाच विचारलं, तू सांगशील की आईने सांगायचं. तिने वही नेली. रात्री जेवणं झाल्यावर वडिलांसमोर अडसरांचं पान उघडलं आणि म्हणाली, "पप्पा, मी नापास झाले आणि तुम्हाला खोटं बोलले." ते बराच वेळ पान बघत बसले. मग म्हणाले, "एका छाटणीत बाग गेली म्हणून आपण वेल उपटून टाकतो का?" दुसऱ्या दिवसापासून एसटी स्टँडवर सोडायला ते स्वतः येऊ लागले. रागही होता. महिनाभर तिच्याशी मोजकंच बोलले, हेही खरं.

चौथ्याच्या परीक्षेत ॲनाटॉमी-फिजिओलॉजीला ५७ पडले. फार्मकॉलॉजीचा, म्हणजे औषधांचा, विषय काठावर निघाला, बाकीचे बरे. निकाल तिने मला फोनवर वाचून दाखवला, एकेक आकडा सावकाश.

त्यानंतरची आमची भेट सोमवारची ठरली होती. रविवारी रात्री तिचा मेसेज आला: "मॅडम, उद्या जमणार नाही. मेल सर्जिकल वॉर्डला भरपाईची ड्यूटी लागलीय. ७२ तले १६ तास राहिलेत."